सात आरसे आणि एक राउटर

नाव: नोंदवण्याची गरज भासली नाही, आजूबाजूच्या तीन गल्ल्यांत त्यांना 'आरसेकाका' याखेरीज दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. वय: चौसष्ट पूर्ण. बांधा: मध्यम. व्यवसाय: काचेस पारा चढवून आरसे तयार करणे, जुन्या आरशांचा उडालेला पारा पुन्हा चढवणे, व गिऱ्हाइकांस 'आहे तसाच दिसेल' अशी पूर्वसूचना देणे. वास्तव्य: पुढे कारखाना व मागे घर अशा लांबट तळमजल्यावर. ओळखीची खूण: उजव्या हाताचे मधले बोट पहिल्या पेरापासून नाही. सदर इसमाच्या ताब्यात निरनिराळ्या मापांचे एकशे चौदा आरसे असून त्यांपैकी सात घराच्या भिंतींवर कायमस्वरूपी बसवलेले आहेत. सदर इसम दाढी करताना रोज कापून घेतो.

बाकीचे लोक दाढी करताना चेहरा बघतात, आरसेकाका आरसा बघतात. कुठे पाऱ्याला पापुद्रा धरलाय, कुठे कडेनं ओल शिरतेय, हे तपासण्यात गाल राहून जातो.

घरातले सात आरसे मात्र हौसेचे नाहीत. काकूंना जन्मापासून ऐकू येत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी काका एकदा मागून आले आणि त्यांनी लाडानं काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंच्या हातात उकळत्या दुधाचं पातेलं होतं. दूध काकूंच्या पायावर गेलं. दुसऱ्या दिवशी शेगडीमागच्या भिंतीवर पहिला आरसा बसला. 'या घरात तुझ्या मागून कुणी येणार नाही,' असं काकांनी त्या दिवशी हातांच्या भाषेत सांगितलं. त्यांना तेव्हा जेमतेम वीस शब्द येत होते, आणि त्यातून बोट अर्धं, त्यामुळे प्रत्यक्षात ते 'तुझ्या मागे घर नाही' असं काहीतरी म्हणाले. काकूंना कळलं.

पुढे एकेक करत सात झाले. बाहेरच्या दारातून कुणी आत शिरलं की तो माणूस एका आरशातून दुसऱ्या आरशात जात जात काकूंपर्यंत आधीच पोचलेला असतो. पाहुणे कारखान्यामागच्या बोळातून येताना केस नीट करतात, ढेरी आत घेतात, आणि काकूंनी हे सगळं आधीच पाहिलेलं असतं.

काकूंना एक थोरली बहीण आहे. तिला सगळे ताई म्हणतात, काकासुद्धा. ताईंनाही ऐकू येत नाही. त्या समुद्रापलीकडे मुलाकडे राहतात. रोज दुपारी तीनला दोघी बहिणी लॅपटॉपवर समोरासमोर बसतात. फोनवर हे जमत नाही. फोनच्या पडद्यावर ताईंची बोटं काडेपेटीतल्या काड्यांएवढी दिसतात, आणि एका हातात फोन धरायचा म्हणजे अर्धं तोंड बंद ठेवून बोलायचं. लॅपटॉप मागच्या खोलीतच लागतो, कारण तिथे बाजूच्या खिडकीचा उजेड हातांवर नीट पडतो, आणि पुढे कारखान्यात गिऱ्हाइकांची ये-जा असते. हातांनी बोलणाऱ्यांना कुजबुजायची सोय नसते, त्यांच्या बोलण्याला आडोसाच लागतो.

हा लॅपटॉप जावयानं नवा घेतल्यावर सासुरवाडीला आलेला. गेले काही दिवस तो वायफाय धरायचा आणि सोडायचा. ताई हात वर केलेल्या अवस्थेत गोठायच्या. आशीर्वाद देतायत की मारायला उठल्यात हे कळायला मार्ग नसे. एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण ताईंच्या उजव्या मनगटात नस दबली होती, बोटं बधिर होत चालली होती, आणि डॉक्टरांनी शुक्रवारी ऑपरेशन ठरवलं होतं. मग तीन आठवडे हात बांधलेला. नाही केलं तर बोटं कायमची जायची. ताईंनी साफ सांगितलं होतं, नको. 'तीन आठवडे मी मुकी राहणार नाही. इथे माझं कळतं कुणाला?' मुलाला हातांचं येत होतं ते 'जेवण', 'औषध' आणि 'लवकर' इतकंच.

काकूंनी उपाय काढला होता. ताईंनी डाव्या हातानं बोलायचं. ताईंना ते जमेल असं वाटत नव्हतं. साठ वर्षं उजव्यानं बोलल्यावर डावा हात म्हणजे नुकतं बोबडं बोलायला लागलेलं मूल. ते शिकवायचं, आणि हो म्हणवून घ्यायचं, दोन्ही शुक्रवारच्या आत. आणि चित्र तर दर तिसऱ्या शब्दाला थांबत होतं.

सोमवारी काका एका मोठ्या काचेवर चांदीचं पाणी ओतत असताना काकूंनी त्यांची बाही ओढली. (हातांच्या भाषेत 'अहो' नाही आणि 'तुम्ही'ही नाही. इथे 'तू' लिहिलंय ते काकूंच्या भुवया पाहून.)

"चित्र थांबतंय. ताई घाबरलीय. शुक्रवारच्या आत काय ते कर."

काकांचे दोन्ही हात ओले होते, म्हणजे बोलायची सोय नव्हती. त्यांनी मान हलवली.

कोपऱ्यावर लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. लोक त्यांना लॅपटॉपबाई म्हणतात. डोळ्याला भिंग आणि ओठांत दोन स्क्रू. स्क्रू असतानाही त्या बोलतात आणि तेव्हाच जास्त बोलतात.

"काका, म्हातारा झालाय हा."

"मी पण झालोय. मला कुणी बदललं का?"

"काकूंना विचारून बघितलंत?" त्यांनी लॅपटॉपची पाठ उघडून आतला एक तुकडा दाखवला. "हे वायरलेस कार्ड. अर्धं मेलंय. सोपं सांगू? बाहेरून यूएसबीची कांडी खुपसा. दोन मिनिटांचं काम."

काकांनी कांडी लॅपटॉपच्या कडेला धरून पाहिली. बोटभर बाहेर आली.

"नाही चालणार. पहिल्या वाक्याला मोडेल."

"बोलण्यानं मोडेल?"

"आमच्याकडे बोलण्यानं कपबशा मोडतात. ही नुसती 'समुद्र' म्हणाली की टेबलावरचं निम्मं खाली असतं."

"मग वायर लावा."

"वायरीचं भोक कधीच गेलंय. जावयाच्या वेळचं आहे. त्याला आम्ही काही बोलत नाही."

"मग आतलंच कार्ड बदलायचं. माझ्याकडे बघावं लागेल, उद्या सांगते."

पण ज्याचं आयुष्य मापात गेलं त्याला उद्यापर्यंत कुठला धीर! काकांनी खिशातून व्हर्निअर काढलं, मेलेलं कार्ड मोजलं, तीस मिलिमीटर लांब, सव्वीस पूर्णांक आठ रुंद, आणि ते आकडे मनगटावर पेनानं लिहून तडक बाजारात गेले. तिथे तीन दुकानांत त्यांनी काउंटरवरचं प्रत्येक कार्ड मोजून पाहिलं. तिसऱ्या दुकानात एकानं विचारलं, "काका, स्पीड किती हवाय?" काका म्हणाले, "आधी बसू दे, मग पळू दे." आणि त्यातल्या त्यात सगळ्यांत वेगवान कार्ड घेऊन आले.

मंगळवारी सकाळी लॅपटॉपबाईंनी ते बसवलं. केसाएवढ्या दोन वायरी, एक काळी, एक पांढरी, चिमट्यानं त्यावर टोचल्या. कार्ड खाचेत असं बसलं की काकांना भरून आलं. लॅपटॉप सुरू केला. काळ्या पडद्यावर एक ओळ आली: हे कार्ड मान्य नाही, काढून टाका.

"माप चुकलं?"

"माप एक नंबर आहे, काका. पण या कंपनीनं आत एक यादी ठेवलीय. यादीत नाव असेल त्यालाच आत घेतात."

"काच मापात बसली की बसली. ही कसली चौकशी?"

"मुलीच्या लग्नाला नुसती उंची मोजून जावई केलात का?"

"केला. त्याचाच हा लॅपटॉप."

लॅपटॉपबाईंनी ओठांतले स्क्रू हातात घेतले, मगच हसल्या. मग त्यांनी खणातून त्याच कंपनीचे मेलेले तीन लॅपटॉप काढले आणि तिसऱ्याच्या पोटातून एक कार्ड निघालं. जुनं, कागदावर सावकाश, पण यादीतलं. दुकानात लॅपटॉपवर रेंजच्या सगळ्या दांड्या उभ्या राहिल्या. मग राउटरचा विषय निघाला, कारण घरचा राउटर लॅपटॉपाहून म्हातारा होता.

"हे बघा, काका. कार्ड म्हणजे कान आणि राउटर म्हणजे तोंड…"

"आमच्या घरात कानाचं उदाहरण नको."

"बरं. राउटर म्हणजे हात आणि कार्ड म्हणजे डोळे. चालेल? यात दोन प्रकारच्या लाटा असतात. एक सावकाश जाते, पण भिंतीतून पलीकडे निघते. दुसरी झपाझप जाते, पण भिंत आली की दमते."

"पहिली माझी सासू. दुसरी आमच्या ताई. दोन्ही असलेला द्या. आणि तो चार शिंगांचा."

"शिंगांनी रेंज नाही वाढत, दिखावा वाढतो."

"चौतीस वर्षं दिखावाच विकतोय मी."

तरी बाईंनी त्यांना दोन अँटेनांचाच दिला. उंचावर ठेवा, उघड्यावर ठेवा, कपाटात कोंबू नका, असं बजावलं. काकांनी तो कारखान्यात, जिथे लाइन आत येते तिथेच, बोळाच्या तोंडाशी उंच फळीवर ठेवला. फळी त्यांनी पाणसळ लावून ठोकली. राउटर तिरका ठेवला असता तरी चाललं असतं, पण त्या घरात काही तिरकं राहत नाही.

बुधवारी तीन वाजता काकू मागच्या खोलीत बसल्या. रेंजची एक दांडी. ताई आल्या, डावा हात उचलला आणि गोठल्या. पुन्हा आल्या, पुन्हा गोठल्या. चौथ्या वेळी त्या आल्या तेव्हा उजव्या हातानं एवढंच म्हणाल्या, "राहू दे. उद्या मी डॉक्टरांना 'नको' म्हणून सांगते." हे मात्र चित्रानं एकदाही न अडखळता पोचवलं.

काकूंनी लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्या घरात यालाच शांतता म्हणतात. काकांना ती पाच वेगवेगळ्या आरशांत दिसली.

गुरुवारी सकाळी काका लॅपटॉपबाईंना घेऊनच आले. वाटेत त्या यादीविषयी, त्या कार्डाविषयी आणि एकूण दुरुस्तीच्या धंद्याविषयी त्यांनी मतं मांडली. बाईंनी ती ऐकून घेतली. घरात शिरल्यावर त्यांनी आपल्या फोनवर सिग्नलचे आकडे लावले आणि ताप बघावा तशा चालत निघाल्या.

"राउटरखाली उणे पस्तीस. छान. बोळात उणे पंचेचाळीस. अजून छान." मधेच बोळातल्या आरशात दिसून त्यांनी केस नीट केले. बोळाच्या टोकाला वळून, स्वयंपाकघरातून, त्या मागच्या खोलीत शिरल्या. "उणे ब्याऐंशी! आत्ता तर चांगले आकडे होते की हो, भिंतीच्या पलीकडे!"

"भिंत जाड आहे. दोन फूट दगड."

बाईंनी खोली न्याहाळली. काकूंच्या टेबलासमोर, बोळाच्या बाजूच्या भिंतीत, पुरुषभर उंचीचा आरसा. खुर्चीत बसलं की त्यात पाठीमागचं दार दिसतं. बाईंनी आरशाच्या कडेला टिचकी मारली. आवाज पोकळ आला.

"हा भिंतीवर नाही. भिंतीत आहे."

"खिडकी होती ना तिथे. बोळाकडे उघडणारी. घरातल्या घरात खिडकी काय कामाची, म्हणून मी तिच्या चौकटीत आरसा बसवला. बोळाच्या बाजूनं फळी."

"काका, आरशाच्या मागे काय असतं?"

"पारा."

"पारा म्हणजे?"

"म्हणायला पारा. असते चांदी. त्यावर तांब्याचा एक हात, त्यावर रंग."

"आणि चांदी काय करते?"

"आलेलं सगळं परत पाठवते." इथे काका थांबले. मग जरा अपराधी आवाजात म्हणाले, "उजेड. उजेड परत पाठवते."

"राउटरमधून येतो तोही एक प्रकारचा उजेडच. आपल्याला दिसत नाही इतकंच. दगडातून यायचा नाही, एक वाट होती खिडकीची, तिला तुम्ही चांदीचं दार लावलंत."

काका स्टुलावर बसले. चौतीस वर्षं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगत आले होते, माझ्या आरशातून तसूभर काही आरपार जाणार नाही. ते खरंच निघालं होतं.

"मधे सिग्नल पुढे ढकलणारा आणखी एक डबा लावता येईल," बाई म्हणाल्या. "पण तो मागवावा लागेल. शनिवारी येईल."

"उद्या ऑपरेशन आहे. आणि ताई आजच 'नको' सांगणार आहेत."

"मग हा आरसा काढा."

काकांनी आरशाकडे पाहिलं. तो निघाला नसता. काठाला त्यांनीच असं पक्कं भरलं होतं की काढताना फुटलाच असता. पण अडचण ती नव्हती. त्यांनी काकूंकडे वळून हातांनी सांगितलं, "हा गेला तर तुला पाठीमागचं दिसणार नाही."

काकू मघापासून दोघांचे ओठ बघत होत्या. त्या म्हणाल्या, "पाठीमागून येणार कोण?"

"कुणीही येईल."

"चौतीस वर्षांत तूच आलायस. आणि तू येण्याआधी तारपिनचा वास येतो."

"तरी पण."

"दूध मी आता या खोलीत आणत नाही," काकू म्हणाल्या. "ताईचा हात जाईल. आरसा काय घेऊन बसलास?"

काका उठले. आरसा काढायचा नाही, फोडायचा नाही, फक्त त्याचं आरसेपण काढायचं, हे त्यांना सुचायला बोळात जाईपर्यंतचा वेळ लागला. त्यांनी फळी उचकटली. मागच्या रंगाला औषध लावलं, तो भिजून सुटेपर्यंत थांबले, मग खरवडला. खाली तांबं, त्याखाली चांदी. त्यावर तेजाबाचा बोळा फिरवायला लागले. हा माणूस आयुष्यभर चांदी उडू नये म्हणून झटला होता. आपण किती पक्कं काम केलं होतं याचा त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. बाई दारात उभ्या राहून आकडे वाचत होत्या. उणे अठ्ठ्याहत्तर. उणे सत्तर.

आत खुर्चीत बसलेल्या काकूंना आपला चेहरा कपाळाकडून विरघळत जाताना दिसत होता. डोक्याच्या जागी बोळ आला, मग खांद्याच्या जागी, मग मधोमध हातात फडकं घेतलेला, नाकाला पंचा बांधलेला नवरा. काचेच्या अलीकडून काकूंनी हात उचलले.

"तेव्हाच म्हटलं होतं, खिडकी राहू दे."

काकांनी फडकं खाली ठेवलं. "कधी?"

"बसवत होतास तेव्हा. तीनदा म्हटलं."

"मला नाही सांगितलंस."

"तू बघत नव्हतास. तू काच बघत होतास."

काचेवर एक डाग राहिला होता, तो काकांनी पुसला.

"उणे सत्तावन्न!" बाई ओरडल्या. हे ऐकणारं त्या घरात एकच माणूस होतं, त्यामुळे त्यांनी काकूंसमोर येऊन अंगठा दाखवला.

आणखी एक गोष्ट काकांच्या तेव्हाच लक्षात आली. या खोलीत बसलेल्या काकूंना आरशात येणारा माणूस दारात आल्यावरच दिसायचा. आता तो बोळात पाऊल टाकल्यापासून दिसत होता, म्हणजे चांगली दहा-बारा पावलं आधी. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. दोनदा बोळातून जाऊन येऊन खात्री मात्र करून घेतली. दोन्ही वेळा काकूंनी आतून हात हलवला.

तीन वाजता ताई आल्या. बोलणं संपवायलाच आल्या होत्या. गळ्यात ओढणी नाही, केस विंचरलेले नाहीत. "डॉक्टरांना..." असं त्यांनी सुरू केलं आणि काकूंनी हात आडवा धरून त्यांना अडवलं.

"आधी डाव्या हातानं म्हण."

"काय?"

"हेच. 'मी घाबरले' असं डाव्या हातानं म्हण."

ताईंनी डावा हात उचलला. जे काही आलं ते 'मी टोपली' च्या जवळ जाणारं होतं. काकू खो खो हसल्या. ताई चिडल्या आणि पुन्हा म्हणाल्या, या वेळी टोपली निम्मीच राहिली. चित्र थांबलं नाही. ताईंचं प्रत्येक बोट, बधिर झालेलं करंगळीशेजारचंसुद्धा, सुटं सुटं दिसत होतं. काकू स्वतःचा उजवा हात पाठीमागे बांधून बसल्या आणि डाव्यानं शिकवू लागल्या. त्यांचंही बोबडंच निघत होतं. दोन म्हाताऱ्या बहिणी, दोन टोकांना, एकमेकींना तोतरं तोतरं 'पाणी दे', 'उशी वर कर', 'हा डॉक्टर मूर्ख आहे' असं म्हणून दाखवत होत्या.

काका बोळात होते. मोकळ्या काचेतून त्यांना काकूंचे हात दिसत होते, आणि हातांचं बोलणं दिसणं म्हणजे ऐकणंच. हे शोभत नाही म्हणून त्यांनी पाठ फिरवली. समोरच्या भिंतीवरच्या आरशात पुन्हा काकूच. शेवटी ते डोळे मिटून, भिंतीला हात लावत लावत कारखान्यात गेले आणि वाटेत राउटरच्या फळीवर डोकं आपटलं. राउटर हलला. ताई क्षणभर गोठल्या, आणि पुन्हा बोलत्या झाल्या.

सव्वापाचला काकू पुढे आल्या. काका एका चौकटीला पॉलिश करत होते. त्यांनी ब्रश बाजूला ठेवला, हात पुसले, म्हणजे बोलायला मोकळे केले.

"काय म्हणाली?"

"आधी रडली. मग तीनदा विचारलं, रोज नक्की दिसशील ना."

"मग?"

"मी म्हटलं, दिसेन. तो म्हणालाय."

"कोण?"

"तू."

"मी कधी म्हणालो?"

काकू म्हणाल्या, "ताई जातेय उद्या. सकाळी आठला."

शुक्रवारी तीन वाजता पडद्यावर ताईंचा मुलगा आला. त्यानं 'औषध' म्हटलं, 'जेवण' म्हटलं, आणि मग बराच वेळ आठवून अंगठा दाखवला. काकूंना पुरलं.

शनिवारी तीन वाजता ताई स्वतः आल्या. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, उशीवर ठेवलेला. डावा हात वर आला आणि बोलू लागला. काका टेबलाशेजारी उभे होते. त्यांनी दोनदा नीट पाहिलं, पण अर्थ लागेना.

"काय म्हणतायत?"

काकूंनी पडद्यावरची नजर न काढता एका हातानं सांगितलं.

"फार बोबडं आहे. शिव्या तेवढ्या स्पष्ट येतायत."